तिसऱ्या सिंफनीची कसोटी

हर्बर्ट फॉन कारायान या वाद्यवृंदसंचालकाने आपल्या प्रदीर्घ कारकीर्दीत ज्याँ सिबेलियस या फिनिश रचनाकाराच्या सात सिंफन्यांपैकी सहा ध्वनिमुद्रित केल्या. एखादी एकदा, काही दोनदा, काही तीनदा आणि पाचवी तर चार वेळा. परंतु तिसरी त्याने एकदाही केली नाही. ज्याच्या हाताखाली बर्लिन फिलहार्मोनिकसारखा वाद्यवृंद होता आणि ज्याच्या मर्जीपुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांचे भले भले कारभारी मान तुकवीत, त्याला अर्ध्या तासाच्या एका रचनेसाठी सवड किंवा पैसा मिळाला नसेल असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा ती त्याला करावयाचीच नव्हती, हे उघड आहे. डॉइचे ग्रामोफोन या कंपनीला सातही सिंफन्या आपल्या दप्तरी असाव्यात असे वाटू लागले, तेव्हा चौथी ते सातवी कारायानच्या आणि पहिल्या तीन ओक्को कामू या तरुण फिनिश संचालकाच्या, अशी वाटणी करावी लागली. आणि हा कामू म्हणजे १९६९ मध्ये बर्लिनला भरलेल्या, खुद्द कारायानच्याच नावाच्या संचालनस्पर्धेचा विजेता. वडीलधाऱ्याने सोडून दिलेले शेत नव्या वारसाच्या नावे चढावे, तसा हा व्यवहार झाला.

या गाळलेल्या सिंफनीपासून आरंभ करण्यास कारण आहे. सिबेलियसच्या सात सिंफन्यांचे संपूर्ण संच आज इतके झाले आहेत की हौशी माणसाने ते सगळे जमवायचे म्हटले तर घरातील एखादी भिंत त्यांनाच द्यावी लागेल. आणि या संचांची तुलना करण्याची सर्वत्र रूढ झालेली वहिवाट अशी की दुसरी सिंफनी लावावयाची, पाचवी लावावयाची, दोहोंच्या शेवटी पितळी वाद्यांचा गजर अंगावर काटा आणतो की नाही ते पाहावयाचे आणि निकाल द्यावयाचा. माझ्या मते ही वहिवाट मोडून काढली पाहिजे. दुसरी आणि पाचवी या रचना स्वतःच्या बळावर उभ्या राहतात. मध्यम वकुबाचा संचालकही त्यांच्या जोरावर पार होतो. संचालकाला सिबेलियस खरोखर उमगला आहे की केवळ भावला आहे, याची परीक्षा तिसरीत होते, आणि तिथे जो टिकला त्याची पुढे सहावीत होते.

सिबेलियसचा जन्म १८६५ सालचा, हॅमेनलिन्ना या गावचा. मृत्यू १९५७ सालचा, हेलसिंकीच्या उत्तरेस यार्वेनपॅ येथील ‘आयनोला’ या त्याच्या लाकडी घरातला. पहिली सिंफनी १८९९ मध्ये वाजली, सातवी १९२४ मध्ये. म्हणजे सातांचा सगळा पसारा पंचवीस वर्षांत आटोपला आणि १९२६ च्या ‘तापिओला’ या स्वरकाव्यानंतर उरलेल्या तीस वर्षांत जगाच्या हाती मोठे असे काहीच पडले नाही. पहिल्या दोन सिंफन्या चायकोव्हस्कीच्या छायेत वाढलेल्या, भरघोस, भावनेला मुक्तद्वार देणाऱ्या आहेत. दुसरी १९०२ मध्ये हेलसिंकीत प्रथम वाजली तेव्हा फिनलंड हे रशियन साम्राज्यातील एक संस्थान होते, झारच्या १८९९ च्या जाहीरनाम्याने त्याचे स्वायत्त हक्क आवळले जात होते, आणि श्रोत्यांनी तिच्या अखेरच्या भागात राष्ट्राच्या मुक्तीचा जयघोष ऐकला. रचनाकाराच्या मनात तसे काही होते की नव्हते हा वाद निराळा. लोकांनी ऐकले ते ऐकले. अशा वेळी एखाद्या सामान्य प्रतिभेच्या माणसाने तिसरी सिंफनी दुसरीहून मोठी, अधिक गर्जणारी अशी लिहिली असती. सिबेलियसने १९०७ मध्ये जी पुढे ठेवली ती तीनच भागांची, टूबा नावाचे मंद्र पितळी वाद्य वगळून टाकलेली, सी मेजरसारख्या निरलंकार स्वरग्रामातली, आणि आरंभाला चेलो व डबलबास यांच्या दबक्या आवाजातील एका चालत्या सुरावटीखेरीज दुसरे काहीही नसलेली होती. त्याच वर्षीच्या शरदात रचनाकार माहलर हेलसिंकीस येऊन गेला, तेव्हा दोघांत जे बोलणे झाले त्यात सिबेलियसने सिंफनीतील शिस्तीचा आणि स्वरबीजांना आतून बांधणाऱ्या तर्काचा पक्ष घेतला, तर माहलरने सिंफनीत अवघे विश्व सामावले पाहिजे असे प्रतिपादन केले. हा संवाद सर्वत्र सांगितला जातो; तो ज्या रचनेच्या पार्श्वभूमीवर झाला ती नुकतीच वाजलेली तिसरी सिंफनी मात्र क्वचितच कोणाला आठवते.

तिच्यात संचालकाला अडचणीत आणणाऱ्या जागा दोन. पहिली म्हणजे मधला भाग. त्यावरील सूचना चालतीही आहे आणि हलकी जलदही आहे, आणि त्यातील त्रिमात्रिक डोलणे नृत्याचे मानावे की चिंतनाचे, यावर आजवर एकमत झालेले नाही. कोणी तो आठ मिनिटांत संपवितो, कोणी अकरा मिनिटे घेतो, आणि दोन्ही परींनी ऐकल्यावर या दोन निराळ्या रचना आहेत असा भास होतो. दुसरी जागा म्हणजे शेवट. अखेरच्या भागाचा पूर्वार्ध तुटक, अस्वस्थ, एकमेकांत घुसणाऱ्या तुकड्यांचा आहे; मग व्हायोलांच्या खालच्या आवाजात एक भजनासारखी धून उगवते आणि त्यानंतर रचना दुसरे काहीही करीत नाही, तीच धून हट्टाने वाढवीत नेते आणि ज्या क्षणी आता विजयोत्सव सुरू होणार असे श्रोत्याला वाटते त्याच क्षणी थांबते. दुसऱ्या सिंफनीच्या शेवटाची सवय झालेला संचालक इथे हटकून फसतो: तो धून फुगवितो, लय ओढतो, आणि नाही तो कळस उभारू पाहतो. कारायानच्या संगीतातील सारे सामर्थ्य दीर्घ, अखंड, रेशमी स्वररेषेत होते. या रचनेत तशी रेषाच नाही, तेव्हा त्याने ती टाळली यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाच होता असे मला वाटते.

आता संच हा प्रकार मुळात जन्मला कसा ते पाहू. १९३० मध्ये फिनलंडच्या सरकारने आपल्या राष्ट्रीय रचनाकाराच्या सिंफन्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी खर्चाची मंजुरी दिली, आणि संचालक म्हणून सिबेलियसने रॉबर्ट कायानुसचे नाव पुढे केले. या दोघांचे नाते सरळ नव्हते. हेलसिंकीतील वाद्यवृंद १८८२ मध्ये कायानुसने उभा केला, सिबेलियसच्या आरंभीच्या रचना त्यानेच लोकांपुढे आणल्या. पण १८९६-९७ मध्ये विद्यापीठातील संगीतशिक्षकाच्या जागेसाठी दोघांचेही अर्ज गेले, सिबेलियसची शिफारस झाली, आणि कायानुसने वरच्या दरबारी अपील करून ती जागा आपल्याकडे वळवून घेतली. या प्रकरणानंतर सिबेलियसला राज्याकडून जी वार्षिक तैनात सुरू झाली, तिच्यामुळे त्याच्या संगीतलेखनाला स्वास्थ्य लाभले; म्हणजे त्या अपिलाचे उपकार मानावेत की नाही हे वाचकांनीच ठरवावे. एवढे होऊनही तीस वर्षांनी, आपले संगीत जगाच्या कानी कोणाच्या हातून जावे असा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा, सिबेलियसने जुन्या प्रतिस्पर्ध्याचेच नाव सुचविले. कायानुसने लंडनला जाऊन १९३० मध्ये पहिली व दुसरी, आणि १९३२ मध्ये तिसरी, पाचवी व ‘तापिओला’ ध्वनिमुद्रित केली. १९३२ ची ध्वनिमुद्रणे वॉल्टर लेग या तरुण कारभाऱ्याने काढलेल्या सिबेलियस सोसायटीची होती. आधी वर्गणीदार जमवावयाचे, मग तबकड्या काढावयाच्या, अशी त्या सोसायटीची रीत होती. पुढच्याच वर्षी कायानुस वारला. राहिलेल्या सिंफन्या इतरांना वाटून द्याव्या लागल्या: सातवी कुसेवित्स्कीने १९३३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमधील मैफलीत, सहावी श्नेफोइक्टने १९३४ मध्ये, चौथी बीचमने १९३७ मध्ये. म्हणजे पहिला म्हणता येईल असा संच चार हातांचा झाला.

कायानुसच्या तबकड्या ऐकताना प्रथम जाणवतो तो वेग. दुसरी सिंफनी त्याच्या हातून धावत येते. लेनर्ड बर्नस्टाइनने १९८६ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेली तीच सिंफनी पन्नास मिनिटांच्याही पुढे जाते, म्हणजे कायानुसहून सुमारे दहा मिनिटांनी लांबते. बारा इंची तबकडीच्या एका बाजूस साडेचार मिनिटांच्या आसपासच संगीत मावे, म्हणून ही घाई झाली, असा खुलासा करण्याची प्रथा आहे. मला तो पटत नाही. बाजू संपली तर वादन थांबवून दुसरी बाजू सुरू करता येई, आणि मोठ्या सिंफनीला अशा बाजू अनेक लागतच. लय बदलण्याचे त्यात बंधन नव्हते. शिवाय सिबेलियसने उत्तरवयात, १९४० च्या दशकाच्या आरंभी, आपल्या सिंफन्यांसाठी मेट्रोनोमचे जे आकडे दिले त्यांतील कित्येक आजच्या रूढ लयींपेक्षा कायानुसच्या बाजूला झुकतात. त्याच्या वादनाला सुबकपणा नाही, वाद्ये अधूनमधून एकमेकांना सोडून जातात, पण एका कल्पनेतून दुसरी उगवताना मध्ये सांधा दिसत नाही. सांधा लपविणे हीच सिबेलियसच्या सिंफनीची मुख्य विद्या असल्यामुळे ही गोष्ट लहान नव्हे.

एकाच हातचा संपूर्ण संच प्रथम स्वीडनमध्ये झाला. सिक्स्टेन एर्लिंग याने तो १९५२-५३ मध्ये स्टॉकहोमला केला, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये अँथनी कॉलिन्स याने डेका कंपनीसाठी आपला संच सुरू करून १९५५ पर्यंत संपविला. हा कॉलिन्स पूर्वी वाद्यवृंदात व्हायोला वाजवीत असे, मग चित्रपटांना पार्श्वसंगीत देण्यात त्याने नाव कमावले. त्यामुळे गंभीर टीकाकारांनी त्याची गणना पहिल्या पंक्तीत कधीच केली नाही. आमच्याकडेही चित्रपटाच्या वाद्यवृंदात बसणाऱ्याला मैफलीच्या पाटावर जागा मिळावयाला वेळ लागतोच. असो. कॉलिन्सची तिसरी मी ज्या ज्या वेळी ऐकली, त्या त्या वेळी मला तिचा आरंभ पुढे सरकणाऱ्या पावलांसारखा स्पष्ट वाटला. एकस्रोती मुद्रणातही चेलोंची प्रत्येक टोचणी ऐकू येते, मधला भाग हलका ठेवलेला, आणि शेवटी धून कुठेही फुगविलेली नाही. तो शेवटच्या स्वरावर येतो आणि थांबतो. सत्तर वर्षांनंतरही या रचनेपुरता तो कोणाहून मागे नाही.

त्रिमित भासणाऱ्या स्टिरिओ मुद्रणातील पहिला संच कोठे झाला असेल याचा अंदाज युरोपच्या नकाशावरून करू गेल्यास चुकेल. तो टोकियोत झाला, १९६२ साली. अकेओ वातानाबे या संचालकाची आई फिनिश होती, त्याने जपान फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद १९५६ मध्ये उभारला आणि पुढे १९८१ मध्ये त्याच वाद्यवृंदाबरोबर सगळ्या सिंफन्या पुन्हा एकदा मुद्रित केल्या.

१९६० चे दशक म्हणजे संचांची सुगी. न्यूयॉर्कमध्ये बर्नस्टाइन, व्हिएन्नात लोरिन माझेल, मँचेस्टरमध्ये सर जॉन बार्बिरोली. यांपैकी माझेलचा संच अजूनही अनेकांच्या मते आघाडीवर आहे, आणि त्यातील चौथी व सातवी ऐकताना त्या मताशी भांडण्याचे कारण दिसत नाही. व्हिएन्नाच्या शिंगांचा रुंद, किंचित रानवट आवाज त्या दोहोंना साजतो. पण त्याची सहावी घाईची आहे, आणि सहावी हा घाईचा विषय नव्हे. बर्नस्टाइन पाचवीच्या पहिल्या भागात लय वाढवीत नेताना असा काही आवेश दाखवितो की ऐकणाऱ्याने खुर्चीचे हात धरावेत; तिसरीतही त्याने जोम दाखविला आहे, आणि त्या काळी तिची इतकी काळजी कोणी घेत नसे हे लक्षात घेता त्याला श्रेय द्यावयास हवे.

बार्बिरोलीविषयी मुंबईकरांना एक जवळीक वाटावी असे कारण आहे. १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारणारे मेहली मेहता, म्हणजे झुबीन मेहतांचे वडील, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात, याच बार्बिरोलीच्या हाताखाली व्हायोलिन वाजवीत होते. सिबेलियसचा संच १९६६ ते १९७० या काळातला, त्यापूर्वीच मेहली अमेरिकेत गेलेले. तरी त्या तंतुवाद्यांच्या ज्या घनदाट, गाणाऱ्या नादाची बार्बिरोलीने वर्षानुवर्षे मशागत केली, त्यात मुंबईहून गेलेल्या त्या वादकाच्याही गजाचा वाटा होता हे विसरता येत नाही. हा नाद दुसऱ्या सिंफनीत आणि पाचवीच्या अखेरीस मनाला फार भिडतो. तिसरीत तो आड येतो. पहिला भाग जड पावलांनी चालतो, आणि जी रचना अंगावरचा एकेक अलंकार उतरवीत आली तिला पुन्हा शालू नेसविल्यासारखे होते. तरीही हा संच मी टाकू शकत नाही. त्यातील सहावी १९७० च्या मे महिन्यात मुद्रित झाली, आणि जुलै संपण्यापूर्वी बार्बिरोलीचा मृत्यू झाला. ती सहावी मंद आहे, वाद्ये थकलेली आहेत, पण तिच्यातील खिन्नता कोणी वरून चढविलेली नाही.

मॉस्कोत रझ्देस्त्वेन्स्कीने केलेला संच आणि पूर्व बर्लिनमध्ये कुर्ट झांडरलिंगने केलेला संच यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्या दुसऱ्या सिंफनीत फिनिश श्रोत्यांनी रशियाविरुद्धचा हुंकार ऐकला होता, ती रशियन रणशिंगांच्या थरथरत्या, कर्कश आवाजात ऐकताना इतिहासाची थट्टा अंगावर येते. पण चौथीचा निष्ठुरपणा तिथे अचूक उतरला आहे. झांडरलिंगने १९७० च्या दशकात बर्लिनच्या भिंतीच्या पूर्वेस सातही सिंफन्या केल्या. पश्चिमेस कारायान अखेरपर्यंत सहांवरच थांबला. झांडरलिंगची तिसरी सावकाश आहे, पण शिस्तीची आहे.

पाव्हो बर्गलुंद याच्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सिबेलियसच्या लिखित स्वरलिपीकडे दस्तऐवज म्हणून पाहणारा पहिला महत्त्वाचा संचालक तोच. हा डावखुरा माणूस संचालनाची काठी डाव्या हातात धरी. हेलसिंकीतील रेडिओ वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून त्याची सुरुवात झाली होती, त्यामुळे वादकापुढे ठेवलेल्या कागदावर काय लिहिले आहे याची त्याला इतर संचालकांपेक्षा अधिक काळजी. सातव्या सिंफनीची छापील प्रत हस्तलिखिताशी ताडून पाहताना त्याला नकलनविसांच्या आणि छापखान्याच्या चुका ओळीने सापडू लागल्या. त्यांचा अभ्यास त्याने १९७० मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे त्या सिंफनीची शुद्ध आवृत्ती निघाली. म्हणजे चाळीसेक वर्षे जगभरचे वाद्यवृंद, त्यांत मोठमोठे संचालक आले, सातवी चुकीच्या स्वरांसह वाजवीत होते. याच माणसाने सिबेलियसच्या तरुणपणची, त्याने स्वतःच मागे घेतलेली ‘कुल्लेर्वो’ ही विशाल रचना इंग्लंडमधील बोर्नमथच्या वाद्यवृंदाबरोबर प्रथम ध्वनिमुद्रित केली, आणि सातही सिंफन्यांचे संच तीन वेळा केले: १९७० च्या दशकात बोर्नमथला, १९८० च्या दशकात हेलसिंकीला आणि १९९० च्या दशकात चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप या पन्नासएक वादकांच्या छोट्या वाद्यवृंदाबरोबर.

तीन संच एकापाठोपाठ ऐकले की एकाच माणसाची विचारयात्रा दिसते. बोर्नमथमध्ये तो अजून मोठ्या आवाजाच्या मोहात आहे, हेलसिंकीत आवाज आवरलेला आणि रंग थंड झालेले, आणि तिसऱ्या संचात व्हायोलिनांची संख्याच इतकी कमी की सुषिर वाद्यांचे प्रत्येक वाक्य तंतुवाद्यांच्या मागून आपोआप वर येते. पहिल्या दोन सिंफन्यांचे या उपचारात नुकसान होते हे कबूल केले पाहिजे. दुसरीचा शेवट इतका कोरडा करून ठेवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्याचे जेवण वाढण्यासारखे आहे. पण तिसरी, चौथी आणि सहावी या ठिकाणी तो संच मला सर्वांत जवळचा वाटतो. सहावीच्या आरंभीची ती डोरियन स्वरग्रामातली, व्हायोलिनांच्या उंच थरांची गुंफण इथे इतकी स्वच्छ ऐकू येते की प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे पाळता येतो. तिसरीच्या मधल्या भागात डोलणे आणि चिंतन यांचा झगडा त्याने मिटविलेला नाही, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले आहेत. बहुधा रचनेत तेच लिहिलेले आहे.

कॉलिन डेव्हिसनेही तीन संच केले. पहिला बॉस्टनमध्ये, १९७० च्या दशकाच्या मध्यास. तिथे संचालक असलेल्या कुसेवित्स्कीच्या काळापासून त्या वाद्यवृंदाला सिबेलियसची सवय होती आणि ती ऐकू येते. पुढचे दोन्ही लंडन सिंफनी वाद्यवृंदाबरोबरचे. वयाबरोबर लयी सैलावल्या. पहिला घ्यावा, हे माझे मत.

१९८० नंतर सत्ता पुन्हा उत्तरेकडे सरकली. नीमे यार्वीने स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या वाद्यवृंदाबरोबर बीआयएस या स्वीडिश कंपनीसाठी संच केला, आणि त्याच कंपनीने १९९० च्या दशकात लाहती या फिनिश शहराच्या वाद्यवृंदावर आणि ओस्मो वॅन्स्कॅ या संचालकावर भिस्त ठेवली. हे शहर हेलसिंकीच्या तुलनेत किरकोळ, वाद्यवृंदही संख्येने लहान, आणि सिबेलियसचे नाव धारण करणारे तेथील प्रसिद्ध लाकडी सभागृह २००० साली उघडले, म्हणजे हा संच झाला तेव्हा ते नव्हतेच. मुद्रण झाले आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पीने आराखडा केलेल्या एका चर्चमध्ये. वॅन्स्कॅची ख्याती अतिशय हळू आवाजांसाठी आहे. कित्येक जागी आवाज इतका खाली जातो की यंत्राची कळ फिरवावी लागते, आणि पुढच्या गजराला शेजारी दाराशी येतात. या सवयीत थोडा दिखाऊपणा आहे. पण त्याच वाद्यवृंदाने १९९५ मध्ये सिबेलियसच्या कुटुंबीयांच्या परवानगीने पाचव्या सिंफनीचा मूळ, १९१५ चा मसुदा ध्वनिमुद्रित केला, ही या साऱ्या इतिहासातील फार मोलाची कामगिरी होय.

८ डिसेंबर १९१५ रोजी, रचनाकाराच्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेलसिंकीत जी पाचवी वाजली ती चार भागांची होती. १९१६ मध्ये तिची दुरुस्ती झाली, १९१९ मध्ये पुन्हा झाली, आणि आज जगाला ठाऊक आहे ती ही तिसरी सिद्धता. १९१५ च्या मसुद्यात पहिले दोन भाग अलग आहेत. नंतर सिबेलियसने ते असे जोडले की धीम्या लयीतून द्रुतात आपण कधी आलो हे कळतच नाही. अखेरचे सहा स्वरसंघातही मूळ मसुद्यात सुटे नाहीत. त्यांच्यामधल्या जागा तंतुवाद्यांच्या कंपनाने भरलेल्या आहेत. ज्या शांततांमुळे तो शेवट विसरता येत नाही त्या चार वर्षांनंतर, खोडताना सापडल्या. ही गोष्ट कानांनी ऐकल्यावर तिसऱ्या सिंफनीविषयीचा माझा आग्रह अधिकच बळावला, कारण सिबेलियसच्या हातातील खरे हत्यार खोडरबर होते आणि ते त्याने प्रथम उघडपणे १९०७ मध्ये चालविले. जो संचालक पाचवीचा शेवट दणक्यात वाजवितो पण तिसरीत चाचपडतो, त्याला त्या शांतता निव्वळ नाट्य म्हणून उपयोगी पडत असतात.

कोणते वादन बरोबर हा वाद रचनाकाराला विचारून मिटविता आला असता, अशी कोणाची समजूत असेल तर तीही दूर करावी. आयनोलात बसून सिबेलियस रात्री उशिरापर्यंत रेडिओवर देशोदेशीची केंद्रे ऐके, आणि आपली रचना ज्याने ज्याने वाजविली त्याला त्याला प्रशस्तिपत्र पाठविण्यात त्याने कधी कंजुषी केली नाही. परस्परविरुद्ध वाजविणाऱ्या दोघांच्या खिशात त्याची सारखीच सनद निघते. न्यायाधीशाला अशा साक्षीदाराचा उपयोग नाही. त्याच्या स्वतःच्या संचालनाचे एकच ध्वनिमुद्रण शिल्लक आहे: १ जानेवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त हेलसिंकीहून प्रक्षेपित झालेले ‘आंदांते फेस्तिवो’. त्यातही गंमत अशी की कित्येक वर्षे लोक सिबेलियसचे म्हणून जे ऐकत होते ते प्रत्यक्षात दुसऱ्याच संचालकाच्या तालमीचे मुद्रण होते. खरे सापडले तेव्हा दिसले की वृद्ध सिबेलियस लय मुक्तपणे ताणतो, तंतुवाद्यांकडून दाट, ओथंबलेला स्वर काढतो. म्हणजे या एका पुराव्यापुरता तो कायानुसपेक्षा बार्बिरोलीच्या जवळ. आणि मेट्रोनोमचे आकडे देताना कायानुसच्या जवळ.

अलीकडच्या वर्षांत संच थांबलेले नाहीत. पॅरिसच्या रने लाइबोविट्झ या टीकाकाराने १९५५ च्या सुमारास, रचनाकार नव्वदीत असताना, जगातला सर्वांत वाईट रचनाकार म्हणून त्याचा पुस्तिकेतून उद्धार केला होता. त्याच पॅरिसच्या वाद्यवृंदाचा, पाव्हो यार्वीच्या हातचा संपूर्ण संच २०१९ मध्ये बाहेर पडला, आणि त्यातील तिसरी चपळ, पारदर्शक, फ्रेंच सुषिर वाद्यांच्या नितळ आवाजाने उजळलेली आहे. लाइबोविट्झने ती ऐकली असती तर मत बदलले असते असे नाही. पुस्तिका लिहिणारे सहसा बदलत नाहीत. १९९६ मध्ये जन्मलेल्या क्लाउस मॅकेलॅने ऑस्लोच्या वाद्यवृंदाबरोबर डेकासाठी केलेला संच २०२२ मध्ये आला. आवाज देखणा, समतोल उत्तम. परंतु प्रत्येक सुंदर जागेपाशी थांबून ती दाखविण्याची तरुण संचालकाची हौस तिसरीत अंगाशी आली आहे, आणि सहावीत आश्चर्यकारकपणे फळाला आली आहे.

मॅकेलॅच्या या संचात आणि त्याआधी २०१४ मध्ये जॉन स्टुरगोर्दसने बीबीसी फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या संचात सात सिंफन्यांनंतर आणखी काही आहे. सिबेलियसने आठवी सिंफनी अनेकांना कबूल केली होती, कुसेवित्स्कीला बॉस्टनसाठी तर तारखांसह. आणि १९४० च्या दशकात एके दिवशी ती त्याने इतर कागदांबरोबर आयनोलात जाळली. हेलसिंकीच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेल्या त्याच्या कागदपत्रांतून उत्तरकाळातील काही तुटक मसुदे अभ्यासकांनी ओळखले, आणि २०११ मध्ये याच स्टुरगोर्दसने ते हेलसिंकीत वाजविले. सगळे मिळून तीन मिनिटेही भरत नाहीत. ते आठवीचे आहेतच असे कोणी शपथेवर सांगणार नाही. पण त्यांतील स्वरसंघात विसंवादी आहेत, कडवट आहेत, आणि ‘तापिओला’च्याही पलीकडे गेलेले आहेत. या तीन तुकड्यांना मेट्रोनोमचा आकडा नाही, कायानुसची तबकडी नाही, रचनाकाराची खरी-खोटी सनदही नाही. तरी स्टुरगोर्दसचे वादन धारदार आहे आणि मॅकेलॅचे मऊ, आणि कोणते बरोबर यावर वाद सुरूही झाला आहे.